नाकात थेंब पडण्याआधी : वाग्भटाच्या साडेआठ श्लोकांवर भाष्य

अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात नाकाच्या वाट्याला दोन अध्याय आले आहेत. एकोणिसाव्यात रोग ओळखायचे कसे ते आहे, विसाव्यात त्यांचे करायचे काय ते. सुश्रुताने नाकाचे ३१ रोग मोजले होते, वाग्भटाने ते १८ वर आणले. विसावा अध्याय उघडला की पहिले साडेआठ श्लोक कुठल्याही एका दोषाचे नाव घेत नाहीत. वाताचा, पित्ताचा, कफाचा हा भेद त्यांच्यानंतर येतो. त्याआधी आहेत ते सगळ्या पीनसांना लागू पडणारे सामान्य उपचार. पीनस म्हणजे हटवादी सर्दी : डोके जड, नाक चोंदलेले, वास गेलेला, शेंबूड घट्ट. आज रुग्ण ‘सायनसचा त्रास’ म्हणून जे सांगतो त्यातले बरेचसे यात बसते. साध्या पडशालाही वाग्भट हेच नाव सैलपणे देतो.

हे भाष्य वर्ध्यात बसून करायला थोडा आधार आहे. अष्टांगहृदयाचा एक मोठा टीकाकार हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच्या आश्रयातला वोपदेव आपले गाव वरदेच्या काठी सांगतो, आणि वरदा म्हणजे आपली वर्धा नदी असे बहुतेक अभ्यासक धरतात. वोपदेवाचे वडील केशव वैद्य होते. त्यांनी ‘सिद्धमंत्र’ लिहिला आणि मुलाने त्यावर ‘प्रकाश’ ही टीका केली. बापाच्या ग्रंथावर मुलाने भाष्य करावे अशी परंपरा तेराव्या शतकात या नदीकाठी होती. हेमाद्रीच्या ‘आयुर्वेदरसायना’चा खरा दिमाख सूत्रस्थानात आहे. उत्तरस्थानासाठी हात अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरा’ या टीकेकडेच जातो. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी ती १८८० मध्ये मुंबईत मूळ ग्रंथासह छापली, आणि महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या घरात वाग्भट पुस्तकरूपाने पोचला.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. नाकाचा आयुर्वेदिक उपचार म्हटले की लोकांना नस्य आठवते, अणुतेलाची बाटली आठवते. या साडेआठ श्लोकांत मात्र नाकात टाकायचा एक थेंबही नाही.

पहिला श्लोक, पहिली ओळ. कोणताही पीनस असो, आरंभी रोग्याने वारा न शिरणाऱ्या घरात राहावे, असे ती सांगते.

‘कोणताही’ हा शब्द सहज ओलांडून जाण्यासारखा नाही. आयुर्वेदात सर्वसामान्य उपचार म्हणजे सुरुवातीचा उपचार, पुरेसा उपचार नव्हे. बळावलेले पीनस बहिरेपण आणतात, दृष्टी घालवतात, डोळ्यांचे भयंकर विकार उभे करतात, हे सुश्रुताने स्पष्ट लिहून ठेवले आहे. २०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने ते पाहिले. करोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेही रुग्णांच्या नाकाशेजारच्या पोकळ्यांत काळी बुरशी शिरली आणि तिथून ती डोळ्याकडे व मेंदूकडे सरकली. त्या मे महिन्यात अँफोटेरिसिन-बी हे इंजेक्शन कुठे मिळत नव्हते, तेव्हा वर्ध्याच्याच जेनेटिक लाइफसायन्सेस या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे आणि हे इंजेक्शन देणे, याखेरीज तिथे मार्ग नव्हता. म्हणून ‘कोणताही’ वाचताना एवढे मनात धरावे : डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, चेहऱ्याचा बधिरपणा, टाळूवर काळा डाग, एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित घाण असे काही असेल तर पुढचे श्लोक बंद करून रुग्णालय गाठायचे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून इथेच आहे. सालोडच्या आयुर्वेद महाविद्यालयातला शालाक्यतंत्राचा वैद्यही हेच सांगेल.

आता वारा न शिरणारे घर. या तरतुदीवर वर्ध्यात येऊन थबकावे लागते. डिसेंबरात ती पटते. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, आणि खिडकीला कूलर लावल्याशिवाय या जिल्ह्यात माणूस झोपू शकत नाही. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून ओला, गार झोत रात्रभर कपाळावर येतो. सकाळी नाक गच्च आणि भुवयांच्या वर ठणका. ऐन उन्हाळ्यात विदर्भात सर्दीचे रोगी का निघतात, याचे अर्धे उत्तर या झोतात आहे. वाग्भटाला मानायचे म्हणून ४५ अंशांत दारे-खिडक्या लावून घेणे हा मूर्खपणा ठरेल. अर्थ असा घ्यावा की वारा अंगावर, विशेषतः डोक्यावर, थेट येऊ नये. खाट झोताच्या रेषेतून बाजूला सरकवली तरी ओळीचे पालन झाले.

जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला ही ओळ आणखी निराळी वाचावी लागेल. हिंगणघाट, आर्वी, देवळी, सेलू या पट्ट्यात कापूस वेचून रेच्यावर येतो तो नेमका थंडीत. सुश्रुताने तत्काळ पडसे आणणाऱ्या कारणांच्या यादीत धूर आणि धूळ शेजारीशेजारी बसवली आहेत. त्याच यादीत गारठा आहे, अति ऊन आहे, लघवी-शौच दाबून धरणेही आहे. सरकीपासून सुटलेला तंतू आणि बारीक कचरा दिवसभर नाकात जाणार असेल, तर घर कितीही निवाऱ्याचे असो, त्याचा उपयोग रात्रीपुरताच. त्याला तोंडाला घट्ट बसणारा मुखपट्टा आणि संध्याकाळी कोमट पाण्याने नाक धुणे अधिक उपयोगी. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची जलनेती मुळात हठयोगातली, वाग्भटातली नव्हे, पण जुनाट सायनसच्या दाहात आजच्या वैद्यकानेही ती मान्य केलेली आहे. पाणी उकळून निवलेलेच हवे, नळाचे किंवा विहिरीचे कच्चे नको. ही एक अट पाळली जात नाही, हे मात्र वारंवार दिसते.

पहिला श्लोक, दुसरी ओळ. स्नेहन, स्वेदन, वमन, धूमपान, गंडूष अशी पाच कर्मे ती मोजते.

इथे नस्य नाही. ते का नाही, याचे उत्तर सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात मिळते. ज्यांना नस्य देऊ नये अशांची तिथे मोठी यादी आहे. नुकताच जेवलेला, डोक्यावरून नाहलेला किंवा नाहायला निघालेला, बाळंतीण, दमेकरी, आणि याच यादीत नवा पीनस झालेला. ढगाळ, अवेळी पावसाच्या दिवशीही नस्य नको. म्हणजे पहिल्या दोन दिवसांच्या वाहत्या नाकात तेलाचे थेंब सोडणे, जे आज घरोघरी सर्रास चालते, त्याला वाग्भटाची परवानगी नाही. दोष कच्चा असताना तेलाने तो कोंडतो, हा त्यामागचा विचार. दोष पिकला, शेंबूड घट्ट झाला, डोके थोडे मोकळे झाले की नस्याची पाळी येते. तेव्हाही मात्रा मोजलेली असते : मर्श नस्याला १०, ८ किंवा ६ बिंदू, रोजच्या प्रतिमर्शाला दोन. तर्जनीची दोन पेरी द्रवात बुडवून काढल्यावर जो थेंब गळतो तो बिंदू, ड्रॉपरचा थेंब नव्हे. वयाची मर्यादाही आहे. सातच्या आत आणि ऐंशीच्या पुढे मर्श नस्य नाही, प्रतिमर्शाला मात्र ही मर्यादा नाही. 

बाकीच्या कर्मांतली वाफ सर्वांच्या परिचयाची. वमन घरी करायचे नाही, त्यावर अधिक लिहिण्याचीही गरज नाही. गंडूष म्हणजे तोंड गच्च भरून द्रव न हलवता धरून ठेवणे. गुळण्यांत तो खळखळवला जातो, इथे नाही.

दुसरा श्लोक. पहिल्या ओळीत जड, उबदार वस्त्र आणि डोक्याला दाट गुंडाळण. दुसरीत हलके, आंबट, खारट, स्निग्ध, ऊन आणि पातळ नसलेले जेवण.

वस्त्राबद्दल बोलायला फारसे काही नाही. मफलर बांधून सकाळी शेतात निघालेला कास्तकार ही ओळ न वाचताच पाळतो. जेवणाच्या ओळीत मात्र एक गाठ आहे. सर्दीत लोक पातळ पेज, सूप, गरम पाणी यांवर राहतात आणि वाग्भट म्हणतो द्रव कमी. नाकातून आधीच पाणी वाहते आहे, त्यात शरीराला आणखी ओल नको, असा हिशेब. पण ताप असेल, लघवी कमी होत असेल, तर या ओळीचा आग्रह धरू नये. दोनच श्लोकांनी तो स्वतः कढण पाजणार आहे. त्यामुळे बंदी द्रवाला नसून पाणचट, गार, पोट डबडबवणाऱ्या जेवणाला आहे, असे मी समजतो.

तिसरा श्लोक. कोरड्या प्रदेशातल्या प्राण्यांचे मांस, गूळ, दूध, हरभरे आणि वर भरपूर सुंठ-मिरी-पिंपळी. धान्यांत जव आणि गहू. चवीला दही आणि डाळिंब.

हा श्लोक वर्ध्याच्या स्वयंपाकघरात जवळजवळ तसाच उतरतो. हरभऱ्याच्या पिठाचे घट्ट पिठले, त्यात मिरपूड सढळ हाताने, वर तेलाची धार. हलके, ऊन, स्निग्ध, अपातळ हे मागच्या श्लोकातले सगळे गुण त्याच ताटलीत. जव इथे पिकत नाही आणि ज्वारी वाग्भटाच्या यादीत नाही. पण ज्वारीची ऊन भाकरी या ओळीच्या आशयाला बाधा आणत नाही.

दही वाचून मात्र पुष्कळांचा घास अडकेल. सर्दी झाली की पहिली बंदी दह्यावर येते, आणि तीही आयुर्वेदाच्या नावाने. वाग्भटाने इथे दही दिले आहे. हे नजरचुकीने झालेले नाही. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दह्याचे गुण सांगताना ते कुठल्या रोगांत हितकर याची जी नावे येतात, त्यांत पीनस आहे. चरकही तेच सांगतो. मग बंदी कुठून आली? त्याच पाचव्या अध्यायातून. दही रात्री खाऊ नये, तापवून खाऊ नये, वसंतात, ग्रीष्मात, शरदात खाऊ नये, अर्धवट लागलेले खाऊ नये, मूग, मध, तूप-साखर किंवा आवळा यांच्याशिवाय खाऊ नये. इतक्या अटी लक्षात ठेवण्यापेक्षा आजीने सरळ ‘दही नको’ म्हटले आणि नियम सोपा झाला. घरगुती सल्ला म्हणून त्यात काही वाईट नाही, तरी तो ग्रंथाच्या नावावर खपवू नये. आंबूस, नीट लागलेले, दिवसा, डाळिंबाच्या रसाबरोबर थोडे दही हे कफाला सुटे करणारे आहे असे वाग्भटाचे मत दिसते. फ्रिजमधून काढलेल्या वाटीबद्दल त्याने काही म्हटलेले नाही, तरी गार पाण्याबद्दल पुढे म्हटले आहे.

चौथा श्लोक, पहिली ओळ. कोवळ्या मुळ्याचे आणि कुळथाचे कढण हितकर.

कोवळ्या हा शब्द महत्त्वाचा. वाग्भटाच्या मते कोवळा मुळा दोष घालवतो आणि जून मुळा तिन्ही दोष वाढवतो. आठवडी बाजारात हाताच्या पंजाएवढा, पाल्यासकट मिळतो तो घ्यावा. हातभर लांब, पांढराशुभ्र मुळा कोशिंबिरीसाठी राहू द्यावा. कुळीथ कोकणात घरोघरी असतो. विदर्भात तो किराणा दुकानात मागावा लागतो, आणि तुरीच्या मुलखात त्याला पाहुण्यासारखेच वागवले जाते.

चौथा श्लोक, दुसरी ओळ. कोमट दशमुळाचे पाणी, किंवा जुनी वारुणी प्यावी.

या ओळीचा उत्तरार्ध वर्ध्यात बेकायदा आहे. गांधीजींच्या वास्तव्याचा जिल्हा म्हणून १९७०च्या दशकापासून इथे दारूबंदी लागू आहे. परवान्याशिवाय वारुणी बाळगणाऱ्या रोग्याला वाग्भटाचा श्लोक दाखवून सुटता येणार नाही. सुदैवाने ओळीत ‘किंवा’ आहे. दारूबंदी किती पाळली जाते हा वेगळा विषय आहे आणि सर्दीशी त्याचा संबंध नाही.

दशमुळांत पाच मोठे वृक्ष : बेल, टेंटू, शिवण, पाडळ, अरणी. उरलेली पाच लहान : सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली, गोखरू. लहानांची मुळे उपटली तर पुढच्या पावसात रोप परत उगवू शकते. बेलाचे किंवा शिवणीचे मूळ खणले की झाड गेले. म्हणून पुष्कळ औषधशाळा वृक्षांची साल वापरतात. ग्रंथनिष्ठेच्या दृष्टीने ही तडजोड आहे, आणि मला ती मान्य आहे. जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी काढ्यासाठी मुळे खणत फिरावे, असे वाग्भटालाही सांगायचे नसेल.

पाचवा श्लोक, पहिली ओळ. चोरक, तर्कारी, वेखंड, जिरे आणि कलौंजी हुंगावीत.

नाकाशी औषधाचा पहिला संबंध येतो तो असा, वासाने. मराठी घरात याचे रूप म्हणजे ओव्याची पुरचुंडी. तव्यावर शेकून, फडक्यात बांधून, हुंगायला दिलेली. ओवा या ओळीत नाही, पण त्याचा तीव्र सुगंधी गुण जिरे-कलौंजीच्या जातकुळीतलाच. अशा वासाने चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. आतली सूज त्याने लगेच उतरते असे मात्र समजू नये. पुरचुंडी लहान मुलाच्या नाकाला टेकवून ठेवू नये, आणि कापराची वडी तर त्यात घालूच नये. लहानग्यांना कापूर घातक ठरू शकतो.

पाचव्याचा उत्तरार्ध ते सातव्याचा पूर्वार्ध. इथे अखेर गोळी येते.

सुंठ, मिरी, पिंपळी, तालीसपत्र, चवक, तिंतिडीक, अम्लवेतस, चित्रक, जिरे ही नऊ प्रत्येकी दोन पल. दालचिनी, वेलची, तमालपत्र प्रत्येकी त्याच्या चतुर्थांश. जुना गूळ अर्धी तुळा, म्हणजे ५० पल, शिजवून पाक करायचा आणि वटक वळायचे. पल ४८ ग्रॅमचा धरला तर नऊ द्रव्ये ८६४ ग्रॅम, तीन सुगंधी ७२ ग्रॅम आणि गूळ २ किलो ४०० ग्रॅम. औषधाच्या अडीचपट गूळ! शार्ङ्गधराने पुढे हाच योग थोड्या वेगळ्या प्रमाणात घेतला आणि ‘व्योषादि वटी’ या नावाने तो आजतागायत चालत आला.

गुळाचे प्रमाण मधुमेह्याने लक्षात घ्यावे. आयुर्वेदिक गोळी म्हणून ती साखरेच्या हिशेबातून सुटत नाही. तिंतिडीक म्हणजे नेमके कोणते झाड यावर मतभेद आहेत आणि कित्येक ठिकाणी सरळ चिंच वापरतात. अम्लवेतस म्हणून बाजारात काय मिळते, हा तर वैद्यांच्या जुन्या भांडणाचा विषय आहे. दोन्ही आंबट, एवढे मात्र नक्की. दुसऱ्या श्लोकातल्या आंबट जेवणाशी त्यांचा सांधा जुळतो.

फलश्रुतीत पीनस, दमा, खोकला यांच्या नाशाबरोबर तोंडाची रुची आणि आवाज सुधारतो असे म्हटले आहे. दम्याचा उल्लेख आजच्या रोग्याने जपून घ्यावा. ही गोळी चघळून कोणी पंप बंद करू नये.

आणि वर्ध्यात एक सावधगिरी अधिक. उन्हाळ्यात इथे मुलांचा घोळणा फुटतो. तेही नाकाचेच दुखणे, पण हा श्लोकगट त्याला लागू नाही. अशा रक्तपित्तात सुंठ-मिरी-पिंपळी, चित्रक, डोक्याला उबदार गुंडाळण म्हणजे आगीत तेल. त्याचा विचार वाग्भट चिकित्सास्थानात वेगळा करतो. तिथे दूर्वा, डाळिंबाचे फूल, तूप, दूध अशा थंड गोष्टी येतात. घरी करायचे एवढेच की मुलाला बसवून थोडे पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे न सोडता दाबून धरावा. मान मागे टाकू नये.

सातव्याचा उत्तरार्ध आणि आठवा श्लोक. शताह्वा, दालचिनी, बला, टेंटू-एरंड-बेलाची मुळे, बहावा यांत चरबी, तूप, मेण घालून धूर घ्यावा. नाहीतर तुपात कालवलेले सातू दोन पणत्यांच्या संपुटात जाळावे.

शताह्वा म्हणजे बाळंतशोप. बाळंतिणीच्या खाटेखाली धुरी ठेवणाऱ्या घरांना ती ओळखीची आहे. पण धुरी आणि धूमपान एक नव्हे. धूमपानात नळीने धूर ओढायचा असतो, आणि सूत्रस्थानातला नियम असा की नाकाने घेतला तरी सोडायचा तोंडानेच, कारण नाकातून सोडलेला धूर डोळ्यांना बाधतो. अठरा वर्षांखाली धूमपान नाही. सातू-तुपाचा पर्याय मला लोभस वाटतो. ज्याच्या घरी बहावा नाही, मेण नाही, त्याच्या दाण्याच्या डब्यातून औषध काढून देणारा हा वैद्य गरिबाचे घर आतून पाहिलेला असावा. तरी धूर तो धूरच. सुश्रुताच्या कारणांत असलेली वस्तू वाग्भटाच्या उपचारांत येते तेव्हा मात्रा आणि वेळ यांवरच सगळे अवलंबून राहते. दम्याच्या रोग्याने आणि चुलीपुढे दिवस काढणाऱ्या बाईने ही ओळ सोडून द्यावी, असे मी म्हणेन.

नवव्या श्लोकाचा पूर्वार्ध. सोडायच्या गोष्टी : आंघोळ, शोक, राग, फार लोळणे, गार पाणी.

साडेआठ श्लोकांतली ही ओळ सेवाग्रामशी उघड भांडते. गांधीजींचा भर निसर्गोपचारक कुन्हेच्या कटिस्नानावर, थंड पाण्यावर, पोटावरच्या ओल्या मातीच्या पट्टीवर होता. वाग्भट पीनसात पाणीच दूर ठेवतो. दोघांचे एकमत होते ते आहाराला औषधाच्या आधी बसवण्यात, पण पाण्याबाबत तडजोड शोधू नये. मी वाग्भटाच्या बाजूने आहे, निदान डोक्यावरून आंघोळ न करण्यापुरता.

शोक आणि राग इथे कसे आले, असे विचारणारे भेटतात. रडल्यावर नाक वाहते हे सर्वांना ठाऊक आहे. अश्रूंचा निचरा नाकातच होतो. रागात डोके तापते, आणि डोके तापणे हे सुश्रुताच्या यादीतले पडशाचे एक कारण आहे. म्हणजे या दोघांचा संबंध नाकाशी आहे, नीतीशी नाही. लोळण्यावरही तसेच : आडवे पडले की नाक अधिक चोंदते, हे कोणत्याही सर्दीच्या रात्री कळते. उशी उंच घ्यावी एवढे तरी पाळता येते.

श्लोकाचा उत्तरार्ध वातज प्रतिश्यायाच्या, म्हणजे वाताच्या पडशाच्या, सिद्ध तुपाने सुरू होतो. तिथून दोषांची विभागणी चालू होते, प्रत्येकाचे तूप, तेल, लेप निराळे होतात, आणि नस्यही तिथेच आपापल्या जागी येते. त्या ओळी वाचून घरी करण्यासारख्या नाहीत. नाडी आणि नाक दोन्ही पाहणाऱ्या वैद्याच्या त्या आहेत.